सोपानरावांचा दुसरा हॉर्न

सोपानराव पाटकरी गाणं कधी वाजवत नसत. ते गाण्याच्या मागचं वाजवत. संध्याकाळी कालव्याच्या भरावावर बसून ते पितळी हॉर्न तोंडाला लावत (मोटारीचा नव्हे, बँडातला), एका पायाने ठेका धरत, आणि मग ऐकू येई ते एवढंच: पॅप-पॅप. जरा वेळ काही नाही. पुन्हा पॅप-पॅप. मग बराच वेळ काहीच नाही. नवखा माणूस, आटोपलं बुवा एकदाचं, म्हणून सुस्कारा सोडायला जाई, तेवढ्यात पुन्हा पॅप.

मी तेव्हा बारामतीला कालव्याच्या कचेरीत कारकून होतो आणि कन्हेरीजवळच्या चौकीत त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. सोपानराव पाटकरी, म्हणजे कालव्याची दारं उघडून ज्याच्या त्याच्या उसाला पाणी सोडणारे. मला गाण्यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची हौसही नाही. पण त्या माळावर बोलायला दुसरं होतं कोण? बदली होत नाही म्हटल्यावर मी शेजाऱ्याशी बोलायला लागलो.

सोपानराव मूळचे लोणी भापकरचे. घरची मेंढरं. आईबाप मेंढरं घेऊन घाटाकडे गेले असताना तापाने गेले, आणि चुलत्याने पोराला तिकडच्याच एका लहानशा संस्थानात सोडलं. तिथल्या राजेसाहेबांनी अनाथ पोरांचा बँड काढला होता. गोव्याकडचा मास्तर आणून, लाल डगले शिवून, कागदावरचे सूर वाचायला शिकवून त्यांनी ती पोरं तयार केली. मास्तर ओठ बघून वाद्य देई. पातळ ओठाला कॉर्नेट, जाड ओठाला हॉर्न. सोपानरावांचे ओठ पाहून त्याने एका शब्दात निकाल दिला, "दुसरा हॉर्न." तेच पुढे त्यांचं नाव झालं. पोरं एकमेकांना वाद्याच्याच नावाने हाक मारीत.

त्या मास्तराचा एक कडक नियम होता. ज्याने त्याने आपलंच वाजवायचं. दुसऱ्याची चाल कुणी चोरून वाजवताना सापडला, तर त्या रात्री त्याला जेवण नाही. सोपानरावांना भूक फार. त्यामुळे त्यांनी जन्मात एकही चाल वाजवली नाही. कॉर्नेटवाला रघू चाल वाजवी आणि हे तिच्यामागून पॅप-पॅप करीत. मधल्या रिकाम्या मात्रा मनात मोजायच्या, हेही त्यांच्याकडेच होतं आणि ते त्यात पटाईत होते.

पुढे थोरले राजेसाहेब वारले. धाकट्यांना मोटारींचा नाद. बँड मोडला, पगाराच्या जागी ज्याचं वाद्य त्याच्या हातात दिलं, आणि सुरांचे कागद राजवाड्यातल्या पाणी तापवायच्या बंबात गेले. मिसरूड फुटलेली ती पोरं एका सकाळी रस्त्यावर आली. एक पुण्याला पोलिसांच्या बँडात लागला. एक सर्कशीबरोबर गेला आणि तिकडेच कुठेतरी वारला. क्लॅरिनेटवाला तंबूतल्या मुक्या सिनेमापुढे बसून वाजवी, तर सिनेमाच बोलायला लागला. मालकाने त्याला दारावर तिकिटं फाडायला बसवलं. ढोलवाला फलटणला दवंडी देतो. "त्येचा धंदा तेवढा सुटला न्हाय," असं सोपानराव अगदी कौतुकाने सांगत.

आणि हे आले कालव्यावर. पण सवय काही गेली नाही. तुम्ही काही विचारलंत की ते लगेच उत्तर देत नसत, मनात मात्रा मोजत. घाई केलीत तर बोट वर करून म्हणत, "थांबा, मोजतोय." रस्त्याने चालताना कायम अर्धं पाऊल मागे. पंगतीत शेजाऱ्याने घास उचलल्याशिवाय यांचा हात पानाला लागायचा नाही. "पयलं आपलं न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लग्न का केलं नाही, असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कुणी इचारलं न्हाय." हे ते विनोदाने बोलले नव्हते, आणि मला हसावं की काय करावं ते कळेना.

या हॉर्नने भानगडीही कमी केल्या नाहीत. सुरुवातीला कन्हेरीच्या बागायतदारांचा समज झाला की ही सरकारी पाण्याची इशारत आहे. पॅप ऐकू आलं की माणसं भाकर टाकून खोरी घेऊन चारीवर धावत. पाणी नाही. पुन्हा पॅप. पुन्हा धावाधाव. शेवटी ओव्हरसियरसाहेबांनी सोपानरावांना बोलावून झाडलं. एकदा बारामतीत ऐन वरातीत एका बँडाचा कॉर्नेटवाला ताडी पिऊन पडला, तेव्हा कुणीतरी यांना उचलून नेलं. वधूच्या दारापर्यंत वरात ढोलाच्या आणि पॅप-पॅपच्या जोरावर गेली. मुलाचा बाप म्हणाला, हे वाजवताय की उचकी लागलीय? सोपानरावांना त्याचं काही वाटलं नाही. आपलं काम बरोबर झालं, चाल नव्हती हा त्यांचा दोष नव्हे, असंच त्यांचं म्हणणं.

तरीही कुठे वरात असली की ते जात. जेवायला नव्हे. बँडवाल्यांचे चेहरे बघायला. त्यातला एखादा आपल्यातला निघेल, ही आशा. मला तो निव्वळ खुळेपणा वाटे, आणि मी तसं तोंडावर म्हणतही असे.

मग एका संध्याकाळी ते वाजवताना मध्येच थांबले. रिकाम्या मात्रांची ती जागा नव्हे, हे मलासुद्धा कळलं, कारण इतकी वर्षं ऐकून त्या चालीतल्या सगळ्या गप्पजागा मला पाठ झाल्या होत्या. मी बाहेर आलो. सोपानराव हॉर्न मांडीवर घेऊन बसले होते.

"भाऊसाहेब, मधलं ऐकू येईना झालंय," ते म्हणाले.

हळूहळू उलगडा झाला. ते रोज वाजवत ती राजेसाहेबांच्या वाढदिवसाची चाल, मास्तराने स्वतः बांधलेली. जगात दुसऱ्या कुणाकडे ती नव्हती. सोपानराव पॅप-पॅप करीत तेव्हा त्यांच्या डोक्यात रघूचं कॉर्नेट वाजे. ते आता पुसट होत चाललं होतं. निम्मं गेलं होतं. बाकीचं जाईल या भीतीने ते रोज वाजवत होते. मला म्हणाले, तुमी तर रोज ऐकता, तुमाला येती का? मला कुठून येणार? मी त्या चालीचा एक सूर कधी ऐकला नव्हता. आयुष्यात पहिल्यांदाच मला गाणं येत नसल्याचं वाईट वाटलं.

त्या लगीनसराईत एका बँडवाल्याकडून बातमी आली. इंदापूरकडच्या एका बँडात रघू म्हणून कुणी आहे आणि तो बँड निरवांगीच्या लग्नाला येणार आहे. सोपानरावांनी रजा टाकली. एकटे जाऊन ते बोलायला सुरुवात करणार नाहीत हे ठाऊक असल्यामुळे मीही टाकली. सर्व्हिस मोटारीने इंदापूर आणि तिथून बैलगाडी.

भर दुपारी पोहोचलो. बँडवाले मांडवामागे बाभळीखाली आडवे झाले होते. कॉर्नेट एका पोरसवदा माणसाच्या उशाशी होतं. जरा पलीकडे एक माणूस वरातीच्या गॅसबत्त्यांच्या काचा फडक्याने पुसत बसला होता. वय सोपानरावांएवढंच असावं, पण दिसायला म्हातारा. सोपानराव त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले.

त्याने वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"दुसरा हॉर्न का रं तू?"

"व्हय," सोपानराव म्हणाले. या वेळी त्यांनी मात्रा मोजल्या नाहीत.

रघूचे पुढचे दात गेले होते. बँडाच्या लॉरीतून पडला होता. पुढच्या दातांशिवाय कॉर्नेट धरता येत नाही, म्हणून मालकाने त्याला डोक्यावर बत्ती धरायला ठेवलं होतं. हे त्याने काचा पुसता पुसताच सांगितलं. सोपानरावांनी चालीचं विचारलं, तेव्हा मात्र फडकं खाली ठेवलं.

"इसरंन व्हय? माझीच तर व्हती ती," रघू म्हणाला, आणि डोळे मिटून फटीतून वारा सोडत गुणगुणायला लागला. सोपानरावांनी बरोबर आणलेला हॉर्न उचलला.

दोन ओळींत माझ्या लक्षात आलं. ही ती चाल नव्हती. जिथे सोपानराव गप्प बसत तिथे रघूचा ठेका मागे पॅप मागत होता, आणि जिथे यांचं पॅप पडायचं तिथे रघू श्वास घेत होता. सोपानराव पहिल्या पॅपला अडखळले. त्यांनी रघूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा इतका खूश होता की माझ्याने बघवेना. मग सोपानराव त्याच्या सुरामागे चालू लागले. आयुष्यभर पाठ केलेलं बाजूला ठेवून, त्या अनोळखी चालीच्या पावलावर पाऊल ठेवत त्यांनी शेवटपर्यंत साथ केली. बँडातली पोरं आधी हसली, मग उठून बसली.

"बघ. एक सूर चुकला न्हाय," रघू म्हणाला.

"न्हाय चुकला," सोपानराव म्हणाले.

मालकाने हाक मारली आणि रघू बत्त्यांकडे गेला.

परतताना गाडीत मी विचारलं, हीच का ती? त्यांनी नेहमीपेक्षा जास्त मात्रा मोजल्या. मग ते म्हणाले, "न्हाय. ही कुठल्या तरी नाटकातली हाय." आणि धोतराच्या सोग्याने त्यांनी तोंड पुसलं. ती चाल आता कुणाकडेच नव्हती. मला मास्तराचा, त्या उपाशी ठेवण्याच्या नियमाचा आणि बंब पेटवणाऱ्याचाही राग आला. एवढी पोरं होती, एकाने तरी चोरून शिकायची होती.

त्यानंतर बरेच दिवस भरावावर काही वाजलं नाही. मग एका संध्याकाळी पुन्हा पॅप ऐकू आलं. मी चहा ठेवून बाहेर आलो आणि कान देऊन ऐकलं. गप्पजागा वेगळ्या होत्या. ते रघूची चाल वाजवत होते.

मी चिडलो. म्हटलं, सोपानराव, अहो ही चुकीची. तुमच्या बाजूची खरी तुम्हाला येते ना अजून? मग ती का नाही वाजवत?

त्यांनी बोट वर केलं. मी थांबलो.

"येती की भाऊसाहेब. पर तिच्यात आता कुणीच ऐकू येत न्हाय," ते म्हणाले. "हिच्यात रघ्या ऐकू येतो."