भुकेची हिस्ट्री

मरोद्याच्या चौकात अनिताच्या गाडीवर चिला खायचा असंल, तर आधी तुमची तपासणी होते. भूक कधीपासून लागली? हळूहळू लागली का एकदम? आधी कुठं काही खाल्लं? अशी भूक घरात आणखी कोणाले लागते? सगळ्यात शेवटी, "घरी कोण कोण आहे?" मंग कुठं तवा तापते.

एक ट्रकवाला वैतागून म्हणे, "दीदी, चीला खिलाओ, पंचनामा मत करो." हिनं त्यालेही सोडलं नाही. जाताना तो टमाटरची चटणी चाटत आपल्या सासूचं सांगत होता.

चिला म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं, इकडं छत्तीसगडात घरोघरी होते. गाडी मूळची अनिताच्या आईची. आई गेली त्याच साली हिचं मेडिकल कॉलेजात नाव लागलं. वय तिशीच्या पुढं. आता गाडी मोडीत जाईन, असं सगळे म्हणत होते. गाडी जागची हलली नाही. अंधारात उठून पीठ कालवणार, पोलाद प्लांटाच्या शिफ्टवाल्यायले खाऊ घालणार, मंग दांड्याले टांगलेल्या प्लास्टिकच्या पन्नीतून पांढरा कोट काढून कॉलेजले पळणार. संध्याकाळी वार्डातून आली की पुन्हा तवा.

"सर इचारत होते, वार्डात लसणाचा वास कावून येऊन राहिला," तिनं एकदा मले सांगितलं.

"मंग तू काय म्हटलं?"

"मी पेशंटकडं पाहिलं."

मी चौथी पास. जन्म प्लांटात गेला, भट्टीपुढं उभं राहून वितळलेलं लोखंड पाह्यलं. मले सहजासहजी कोणाचं नवल वाटत नाही, अन् वाटलं तरी मी सांगत नाही. हिचं सांगतो. एका हातानं सराटा घालून चिला उलटवते, तोंडानं हाडायची लांबलचक नावं घोकते, मधातच गिऱ्हाइकाले सुटे देते. ना चिला फाटत, ना नाव चुकत. दिवसभर तापून संध्याकाळी तेवढीच तापलेली राहणारी चीज मी फक्त भट्टी पाह्यली होती. दुसरी ही.

फुकटचं औषध मात्र ती कोणाले सांगत नाही. मी गुडघा दाखवला तर म्हणे, "आबाजी, मी अजून डॉक्टर नाही. चटणी वाढू?" पाठ दुखो, पोट दुखो, पोराले खोकला असो, सगळ्यायले चटणीच. मी दुसऱ्या दिवशी दुसरा गुडघा दाखवून पाहिला. चटणीच भेटली.

तिच्या प्रश्नायचं मूळ परीक्षेत आहे. परीक्षेत एक पेशंट देतात. ठरल्या वेळात त्याची विचारपूस करायची, तपासायचं, अन् काय झालं ते सरांपुढं सांगायचं. मागच्या वेळी हिच्या वाट्याले उतई गावची एक म्हातारी आली. हिनं विचारलं, घरी कोण कोण आहे. म्हातारी जे सुरू झाली ते थांबेच ना, अन् ही ऐकत बसली. वेळ संपला. सरांनी विचारलं, "निदान काय?"

ही म्हणे, "सर, सून."

नापास. वरून सरांनी बजावलं, पुन्हा असं झालं तर गाडी अन् कॉलेज दोन्ही चालणार नाही, एक धर. तवापासून ही गिऱ्हाइकायवर सराव करून राहिली.

"तो घरचा प्रश्न काढून टाक ना," मी म्हटलं.

"विचाराच लागते, आबाजी. पुस्तकात आहे."

"मंग विचार अन् पुढं हो. ऐकत कावून बसते?"

तिनं साफ असलेला तवा सराट्यानं पुन्हा खरडला.

परीक्षेच्या दिवसात गाडी मी धरली. मले कोणी म्हटलं नव्हतं. पण जागा रिकामी दिसली की तिथं दुसऱ्याचा ठेला लागते. अन् भट्टी सांभाळलेल्या माणसाले तवा काय जड आहे? पहिला चिला चिकटला तो निघेच ना. दुसऱ्याचे तुकडे झाले. एक गिऱ्हाइक म्हणे, "बाबा, ये चीला है कि छत्तीसगढ़ का नक्शा?"

मी म्हटलं, "खाना है तो खाओ." त्यानं खाल्ला. चूक तव्याची होती, हे मी आजही सांगतो.

निकालाच्या दिवशीही सराटा माझ्याच हातात होता. दुपारी अनिता आली अन् गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. कोट अंगातच होता.

"पास झाली, आबाजी."

"घरचं विचारलं का नाही?"

"विचारलं. पण सगळ्यात शेवटी. अन् घड्याळाकडं पाहत ऐकलं."

पास झाल्यावर माणूस फोन करते. तिनंही मोबाईल काढला. नावं वर सरकवली, खाली सरकवली, अन् मोबाईल पुन्हा कोटाच्या खिशात ठेवून देला.

मी तिच्यासारखाच कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. "भूक कधीपासून लागली?"

ती हसली. "सकाळपासून."

"हळूहळू का एकदम?"

"हळूहळू."

"घरी कोण कोण आहे?"

ती कोटाच्या बाहीवरचा चटणीचा जुना डाग नखानं खरवडत राहिली. समोरून एक आटो गेला, त्याच्या मागून दुसरा गेला.

"आबाजी, चिला करपून राहिला," ती म्हणे.

तव्यावर काहीच नव्हतं. मी पीठ ढवळलं अन् एक टाकला.