जरा फिरून येतो

"वस्तू आवडली तरी तोंडावर दिसू द्यायचं न्हाई," उज्वलाबाईंनी चौथ्यांदा बजावले. "आधी खोट काढायची. मग निम्म्यानं मागायचं. देत न्हाई म्हणला तर 'जरा फिरून येतो' म्हणायचं आन चालू लागायचं. तिसऱ्या पावलाला हाक येतीच."

"आन न्हाई आली तर?" वैजनाथरावांनी विचारले.

प्रश्न अनुभवातून आला होता. वैजनाथरावांनी तीस वर्षे एसटीत कंडक्टरकी केली. लातूर-औसा, लातूर-अहमदपूर, लातूर-निलंगा. तिकिटावर छापलेला दर तेवढाच घ्यायचा, एवढेच त्यांना ठाऊक. लातूरच्या भाजीबाजारात त्यांनी आजवर कितीतरी वेळा 'जरा फिरून येतो' म्हटले होते, पण कुणीही हाक मारली नव्हती. एकदा तर ते पार रिक्षा स्टँडपर्यंत जाऊन, आपण होऊन परत आले आणि तीच मेथीची जुडी दोन रुपये जास्त देऊन घेऊन गेले. तेव्हापासून दूध आणि पेपर सोडून कुठलीही खरेदी त्यांच्या हाती पडलेली नव्हती.

आज मात्र इलाज नव्हता. कॉलनीतल्या महादेव मंदिराच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरला होता. उज्वलाबाई फाटकापाशी टेबल टाकून कूपन देत होत्या, आणि काम करणाऱ्यांनी स्वतः खरेदी करायची नाही, असा अध्यक्ष बापूसाहेबांचा दंडक होता. आदल्या दिवशी सामान मांडताना उज्वलाबाईंच्या नजरेला ती पडली होती. पायांनी चालवायची शिवणमशीन, काळीभोर, अंगावर सोनेरी वेलबुट्टी. माहेरी त्या अशाच मशीनवर शिवणकाम शिकल्या होत्या.

"हे घ्या हजार," त्या हळूच म्हणाल्या. "वर एक रुपया न्हाई. मिळाली तर मी पुन्हा ब्लाऊज शिवायला घेईन. एवढं एक करा माझ्यासाठी."

लग्नाला अठ्ठावीस वर्षे झाली होती, पण उज्वलाबाईंनी एवढ्या मऊ आवाजात काही मागितल्याचे वैजनाथरावांना आठवेना. त्यांनी छाती पुढे काढली, पायातल्या चपला काढून हातात घेतल्या (मंदिराबाहेर त्यांच्या दोन जोड्या आधीच चोरीला गेल्या होत्या) आणि ते हॉलमध्ये शिरले.

आणि दारातच थबकले.

कॉलनीच्या घराघरांतून एवढे निघाले असेल, असे त्यांना वाटलेच नव्हते. पितळी बंब होता, पाळणा होता, घड्याळे होती. फेट्यांचा एक ढीग होता, आणि प्रत्येक फेटा कुठल्या ना कुठल्या लग्नात मिरवून आलेला. स्टीलची भांडी तर इतकी, की नुसती त्यांवर कोरलेली नावे वाचत गेले तरी अख्ख्या कॉलनीची सोयरीक समजावी. ज्या वस्तू घरात अडगळ म्हणून पायात येत, त्याच इथे एका ओळीत मांडल्यावर राजवाड्यातल्या वाटत होत्या. वैजनाथराव तोंड उघडे टाकून बघतच राहिले.

मशीन विक्रीला बसलेल्या वीरण्णाच्या कोपऱ्यात होती.

"बाराशे," वीरण्णा म्हणाला.

वैजनाथरावांनी खोट शोधली. सापडेना. मशीन इतकी सुंदर होती, की तिच्यात खोट काढणे त्यांच्या जिवावर आले. शेवटी ते म्हणाले, "काळी हाय."

"मशीन काळीच असती."

"सहाशेला देता का?"

"न्हाई."

"मग जरा फिरून येतो."

एवढ्यात मागून कुणी मशीन उचलली तर? वैजनाथरावांपाशी त्यावर तीस वर्षे वापरलेला उपाय होता. त्यांनी खांद्यावरचा नवाकोरा टॉवेल काढून मशीनवर पसरला आणि हातातल्या चपला खाली पायट्यावर ठेवल्या. गाडीत सीटवर टॉवेल पडला की जागा धरली. हा कायदा त्यांनी स्वतः हजारो प्रवाशांना लावला होता. मग ते निर्धास्त मनाने चालू लागले. एक पाऊल, दोन, तीन. हाक आली नाही. वीरण्णा दुसऱ्या गिऱ्हाइकाला कंदील दाखवत होता.

वैजनाथरावांनी हॉलला एक चक्कर मारली, मग दुसरी. त्या गर्दीत आणि त्या ऐश्वर्यात आपण कुठून निघालो आणि कुठे आलो, याचे त्यांना भान उरले नाही. तेवढ्यात एका कोपऱ्यात बायामाणसांचा घोळका दिसला. घोळक्याच्या आतून एका म्हातारीचा खणखणीत आवाज येत होता.

"ही? हिचं बाराशे? आरं, हिच्यापरीस माजे गुडघे बरे हायती!"

"औश्याच्या कस्तुराबाई हायत," शेजारची बाई वैजनाथरावांच्या कानाशी कौतुकाने पुटपुटली. "लेकीकडं आल्यात. त्यांचा भाव ऐकायला लोक येतात."

वैजनाथरावांना पुढचे काही दिसत नव्हते, पण त्यांनी कान टवकारले. काय तो सौदा! कस्तुराबाई आधी रागावल्या. मग हसल्या. मग विकणाऱ्याचे गाव विचारले, त्याच्या आईची तब्येत विचारली. त्याचा जीव जरा विरघळला तसे त्याला दोनशे रुपये खाली उतरवले. मग काहीच बोलल्या नाहीत. ते गप्प बसणे तर असे होते, की शेवटी विकणाराच घाबरून म्हणाला, "बरं, नऊशे."

 असे कुणी भाव करू शकते, हेच वैजनाथरावांनी आयुष्यात पाहिले नव्हते.

"सोडू नका मावशी!" ते मागून ओरडले. "आठशेला मागा!"

"बग, लोकबी आठशेच म्हनायलेत," कस्तुराबाई म्हणाल्या. "आन ह्यो वरचा टावेल?"

"तो... तोबी न्या."

"शाब्बास!" वैजनाथरावांनी टाळी वाजवली. "अजून काय असंल तर त्येबी मागा!"

"आन खालच्या चपला?"

"दिल्याच पाहिजेत!" वैजनाथराव गरजले, आणि मग त्यांच्या हातातली टाळी हातातच राहिली.

घोळका पांगला. मधोमध काळीभोर मशीन, तिच्यापुढच्या स्टुलावर कस्तुराबाई, त्यांच्या डोक्यावर वैजनाथरावांचा टॉवेल आणि मांडीवर वैजनाथरावांच्या चपला.

"वीरण्णा!" वैजनाथरावांचा आवाज फाटला. "म्या टावेल टाकला होता की!"

"म्हणजे विकायला न्हवता?"

"जागा धरली होती!"

"ही काय यष्टी हाय का?" वीरण्णा म्हणाला. "हॉलमधी जे हाय ते विकायचं, असं बापूसाहेब सकाळपासून भोंग्यावर सांगायलेत."

वैजनाथरावांच्या डोळ्यांपुढे फाटकापाशी बसलेल्या उज्वलाबाई आल्या. त्यांनी हात जोडले. "मावशी, ही मशीन मला द्या. बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही आणायला सांगितलं हाय. टावेल टाकून धरली होती मी, खरंच."

कस्तुराबाईंनी डोळे बारीक केले. मग त्या एकदम हसल्या.

"टावेल टाकून? तू औश्याच्या गाडीवरचा कंडक्टर का रं? एकडाव रिकाम्या सीटावर बसले तं तू मला उठीवलं व्हतं. 'टावेल दिसत न्हाई का मावशी? जागा धरल्याली हाय.' लातूरपस्तोर उबी आले म्या!"

वैजनाथराव मान खाली घालून उभे राहिले. बसायला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. कस्तुराबाईंनी स्टुलावर बसूनच सावकाश चहा मागवला, सावकाश प्याला आणि कप खाली ठेवला.

"ने मशीन. आठशेलाच ने. मला कुटं शिवाया येतंय? आन गाडीत तरी कशी घालू? भाव करायची हौस हाय, म्हनून केला." त्यांनी डोक्यावरचा टॉवेल नीट केला. "ह्यो मातर माजा. त्या दिवशीच्या जागेचं भाडं. आन चपला पायजे असल्या तं भाव करून घ्याव्या लागत्याल."

आठशे रुपये त्यांच्या हातावर ठेवून वैजनाथरावांनी मशीन वीरण्णाच्या मदतीने फाटकापर्यंत आणली. मे महिन्याची भर दुपार. हॉलच्या सावलीतून बाहेर पाय टाकला आणि फरशीने तळवे भाजले. कस्तुराबाई फाटकाच्या सावलीत चपला मांडून बसल्या होत्या. पाच हातांवर उज्वलाबाई टेबलापाशी उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी मशीन पाहिली होती, आणि आता त्यांची नजर नवऱ्यावर खिळली होती.

"कितीला?" वैजनाथरावांनी एका पायावरून दुसऱ्या पायावर होत विचारले.

"शंभर."

चपला आपल्याच होत्या, त्यामुळे खोट माहीत होती. "डाव्या चपलेचा अंगठा एकदा शिवलाय. टाचंला खिळा लागतो. तीस."

कस्तुराबाईंच्या भुवया वर गेल्या. "ऐंशी."

"तीस."

"न्हाई जमायचं."

वैजनाथरावांनी एकवार उज्वलाबाईंकडे पाहिले. "मग जरा फिरून येतो."

ते वळले. पहिले पाऊल तव्यावर पडले. दुसरे निखाऱ्यावर. मागे वळून बघावे, लोटांगण घालावे, शंभरच्या जागी दीडशे द्यावेत, असे त्यांच्या जिवाला झाले होते. पण उज्वलाबाई बघत होत्या. त्यांनी दात आवळून तिसरे पाऊल टाकले.

"ओ कंडक्टर! या हिकडं. तीस तं तीस!"

वैजनाथराव जागच्या जागी उभे राहिले. तळवे भाजत होते, तरी त्यांना हलवेना. साऱ्या जन्मात पहिल्यांदा त्यांना पाठीमागून हाक आली होती. त्यांचे डोळे भरून आले.

तीस रुपये देऊन त्यांनी चपला पायात घातल्या. कस्तुराबाई डोक्यावरचा टॉवेल सावरत उज्वलाबाईंना म्हणाल्या, "बाई, म्या लई बाजार फिरले, पर असं गिऱ्हाईक न्हाई पाह्यलं."

 उज्वलाबाईंनी मशीनच्या सोनेरी वेलीवरून हात फिरवला आणि मग अठ्ठावीस वर्षांत कधी पाहिले नव्हते अशा नजरेने त्या नवऱ्याकडे बघू लागल्या.

"आठशेला मशीन! आन वर तिसात चपला!" त्या वाकून चपला निरखत म्हणाल्या. "किती चांगल्या मिळाल्या हो. आता घरी गेल्यावर तुमच्या त्या जुन्या आधी फेकून द्या."