शंभर येनला किती?

आमच्या शैलाताईंना लग्नाची तारीख विचारली की त्या आधी भाव सांगतात. "शंभर येनला चाळीस रुपये होते तेव्हा." तारीख मग त्यांचे यजमान, माझे मोठे दीर, आतून सांगतात. थोरल्या पुतण्याच्या जन्माच्या वेळी येन जरा मऊ होता. चऱ्होलीतली आमची जमीन बिल्डरला गेली तेव्हा तो भलताच चढला होता. आमच्या घराचा सगळा इतिहास त्यांनी असा जपानी पैशात लावून ठेवलाय.

शैलाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. चाकणच्या एका कंपनीत जपानहून सुटे भाग मागवायचं काम त्यांच्याकडे आहे. रोज सकाळी येनचा भाव बघायचा, ही नोकरीच झाली. पण त्यांच्या खात्यात आणखीही माणसं आहेत आणि त्यांतलं कुणी चाळीस वर्षांपूर्वीचे भाव पाठ करत नाही. शैलाताई करतात. पोळ्या लाटताना तोंडातल्या तोंडात आकडे चालू असतात. पाहुण्यांना वाटतं, स्तोत्र म्हणतायत.

मी धाकटी. घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आहे. दिवसभर उभी राहून माझ्या पोटऱ्या भरून येतात, पण गिऱ्हाईक आलं का, असं सासूबाईंनी मला कधी विचारलेलं नाही. संध्याकाळी थोरलीनं उंबऱ्यात पाय ठेवला रे ठेवला की मात्र ओट्यावरून प्रश्न येतो, "उतरला का गं येन?" येन म्हणजे कंपनीतला कुणी तापानं फणफणलेला माणूस, अशी सासूबाईंची समजूत असावी. उतरला म्हटलं की खुशीनं आल्याचा चहा होतो. नाही म्हटलं तर "दमली आसंल पोर" म्हणून होतो.

माझा नवराही त्यातलाच. जपानी टीव्ही घ्यायचा ठरला, तर दुकानात जाण्याऐवजी वहिनीकडे गेला. वहिनी त्यांचं नेहमीचं वाक्य बोलल्या, "थांबा, अजून उतरेल." आम्ही थांबलो. ज्या क्रिकेटसाठी टीव्ही घ्यायचा होता ते संपलं, तरी थांबलो. शेवटी टीव्ही थोडा स्वस्त मिळाला आणि नवरा आठवडाभर वहिनीचं कौतुक करत होता. मी फोडणी जरा जास्तच तडतडू दिली.

मग मीही डॉलरचा भाव बघायला लागले. दोन-तीनदा जेवताना सहज म्हणून सांगितलाही. कुणी मान वर केली नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू भात वाढ."

गुरुवारी कंपनीला सुट्टी. त्या दिवशी शैलाताई चांगली साडी नेसून राजगुरुनगरला माहेरी जायच्या, एकट्याच. घरातलं काम मी करायचं आणि यांनी माहेरपण भोगायचं. एका गुरुवारी मी मुद्दामच म्हणाले, मीही येते. त्या जरा घुटमळल्या, मग चल म्हणाल्या.

माहेरी भाऊ-भावजय कामावर गेलेले. घरात त्यांचे वडील एकटेच, पलंगावर. ऐंशीच्या पुढचे, अंगात बनियन, दाढी वाढलेली. शैलाताईंना त्यांनी नावानं ओळखलं नाही. ओळखीच्या आवाजाकडे मान वळवावी तशी मान वळवली आणि विचारलं, "शंभर येनला किती?"

शैलाताईंनी नऊच्या घरातला एक आकडा सांगितला. मी चमकले. आज शंभर येनला पन्नासच्या वर रुपये पडतात, हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. म्हाताऱ्यानं डोळे मिटून आकडा चघळला आणि म्हणाला, "उतरतोय. अजून थोडं थांबू."

येताना बसमध्ये त्यांनी सांगितलं. त्या लहान असताना वडिलांचा भोसरीत एका शेडमध्ये छोटा कारखाना होता. त्यांनी जपानहून एक मशीन ठरवलं, तेव्हा शंभर येनला पाच रुपये होते. मशीन बसवायला शेडमध्ये पाया बांधून घेतला. पण मशीन निघेपर्यंत येन दुप्पट झाला आणि ते कधी आलंच नाही. पुढे शेडही गेली. आता त्यांना बाकी काही आठवत नाही; एक झोप झाली की आधीचं बोलणंही पुसलं जातं, भाव तेवढा राहतो. रोज भाव विचारतात, गुरुवारी समोर, इतर दिवशी फोनवर.

"खोटा आकडा त्यांना लगेच कळतो," शैलाताई म्हणाल्या. "म्हणून जुने खरे भाव शोधते आणि उलट्या क्रमानं, चढ्यापासून मागे मागे, सांगत जाते. पाचापर्यंत मात्र येऊ देत नाही."

का, ते मी विचारलं नाही. माझे वडील धडधाकट आहेत, शेजारच्याच गावात असतात, आणि त्यांना मी दर आठवड्याला काय सांगते हे मला आठवेना. त्या दिवशी मला शैलाताईंचा जेवढा हेवा वाटला तेवढा टीव्हीच्या वेळीही वाटला नव्हता.

परवाच्या गुरुवारी त्यांना कंपनीत बोलावलं. मला म्हणाल्या, तू जाशील का? माझ्याकडून आकडा पाठ करून घेतला. मी वाटेत दहादा म्हटला. पण म्हाताऱ्यानं माझ्याकडे रोखून बघत विचारलं, तशी माझी जीभच वळेना. घाबरून तोंडातून निघालं, "पाच."

ते उठून बसले. मला म्हणाले, "शर्ट दे. ऑर्डर द्यायला जायचंय." कपाटात पांढरा शर्ट होता. बटणं मीच लावली. मग पाय खाली सोडून, काठी धरून ते ताठ बसले. "शैलाला येऊ दे. तिलाही नेऊ, तिला मशीन बघायचंय." नाव त्यांनी घेतलं होतं.

मी बाहेर जाऊन फोन लावला. म्हटलं, ताई, माझ्याकडून घोटाळा झाला, मी पाच सांगितले. ते शर्ट घालून तुमची वाट बघतायत. तुमचं नाव घेतलं.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"नाव घेतलं?" त्यांनी विचारलं.

"हो. शैलाला येऊ दे म्हणाले."

"त्यांना झोपू देऊ नकोस," शैलाताई म्हणाल्या. "मी निघाले."