तीन डोनट आणि चिमूटभर चौथा

"हा उष्टा तुकडा कुणाचा आहे?" निकिता मॅडमनी डबा काउंटरवर ठेवत शांतपणे विचारलं, तसा दुकान सांभाळणारा संतोष स्टुलावरून उठला. आरडाओरडा करणारं गिऱ्हाईक परवडतं, शांत गिऱ्हाईक फार वाईट.

डब्यात तीन डोनट होते, जाहिरातीतल्यासारखे गुबगुबीत. आणि त्यांच्या मधल्या जागेत बोराएवढा एक तुकडा. कुणीतरी चिमटीनं मोडून ठेवलेला.

"मॅडम, मशीनमध्ये कधीकधी..."

"मशीनला बोटं असतात? चॉकलेटवर ठसा उमटलाय बघा."

संतोषने डबा बदलून दिला, वर स्ट्रॉबेरीचा एक डोनट फुकट दिला, आणि मॅडम गेल्यावर स्टुलावर बसून राहिला. कारण तीनचा डबा ही त्याचीच कल्पना होती. कॉलेज रोडवरच्या 'गोलगोल डोनट्स'समोर संध्याकाळी स्कूटर लावायला जागा मिळत नसे. एक डोनट घरी न्यायला लाज वाटते, सहा नेले तर घरचे खर्चावरून बोलतात, म्हणून तीन. मालक रवीशेठ खूश होऊन म्हणाले होते, "हा डबा चालला तर मनमाडची नवी शाखा तू सांभाळ." मनमाडला संतोषचं घर होतं. बायको, आई आणि छोटी लेक साक्षी तिकडे, आणि हा इकडे नाशिकला खोली घेऊन. आठवड्याच्या सुट्टीला घरी गेला की साक्षी बराच वेळ आईच्या मागे लपून, पाहुण्याकडे बघावं तशी त्याच्याकडे बघायची. तेवढं एक त्याला सहन होत नसे.

दोन दिवसांत आणखी एक तक्रार आली, मग एका सोसायटीच्या ग्रुपवर तुकड्याचा फोटो फिरला. संतोषने डोकं चालवलं. बोटाचा ठसा तो सोयीस्कर विसरला; कुरतडलेला माल म्हणजे उंदीर. त्याने काउंटरखाली पिंजरा लावला आणि आत ताजा डोनट ठेवला. उंदीर काही सापडला नाही, पण पिंजरा मात्र एका कॉलेजच्या पोरीला सापडला. 'डोनट खायला कोण कोण येतं बघा' असा तिचा व्हिडिओ दुपारपर्यंत पंचवटीत पोचला होता. मग औषध फवारणीवाले बोलवावे लागले. त्यांनी इतकं मनापासून काम केलं की वासाने शनिवारची सबंध संध्याकाळ दुकान बंद ठेवावं लागलं. शनिवारी अख्खं नाशिक खायला बाहेर पडतं.

रात्री शेठचा फोन आला. "सोमवारी येतो. मनमाडचं तेव्हाच बोलू." आवाजात राग नव्हता, म्हणून संतोषला झोप लागली नाही.

रविवारी तो मैद्याच्या पोत्यांमागे लपून पॅकिंगच्या टेबलावर नजर ठेवून बसला. टेबलावर कुसाबाई होत्या. मूळच्या हरसूलच्या, आधी एका वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटायच्या. डोक्याला टोपी, हातात मोजे, सगळं नियमाप्रमाणे. त्यांनी डब्यात तीन डोनट मांडले, क्षणभर डब्याकडे पाहिलं, बाजूच्या डोनटचा एक तुकडा मोडून आत ठेवला आणि झाकण लावलं.

"मावशी, हे काय करताय?" पोत्यांमागून पिठाने पांढराफटक झालेला संतोष उभा राहिला.

कुसाबाई दचकल्या. "भाऊ, तुमी तिथं काय करताय?"

"माझं सोडा. हा तुकडा कशाला?"

"मंग तीनच देऊ का?" संतोष काही भलतंच बोलल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"तीनचाच डबा आहे तो."

"ताटात कोनी तीन पोळ्या वाढतं का भाऊ? दोन वाढावं, चार वाढावं. तीन वाढायचीच पाळी आली तर चौथीचा तुकडा मोडून ठेवावा. लोक लेकराबाळांसाठी नेतात. त्यांना तीन तिघाडं बांधून देऊ?"

"अहो, हा डोनट आहे. पोळी नाही."

"खायचीच वस्तू हाय ना?"

संतोषला संताप आला. उंदरामागे घातलेला पैसा आणि शनिवार त्याच्या डोळ्यांसमोर आला. शिवाय असल्या गोष्टी तो मानत नसे. गाडीसुद्धा त्याने अमावास्येला घेतली होती, शोरूममध्ये गर्दी नसते म्हणून. "उद्यापासून तुकडा बंद," तो म्हणाला. कुसाबाई "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक झाकण लावताना त्या काहीतरी पुटपुटत होत्या. बहुधा गिऱ्हाइकाच्या वतीने देवाची माफी मागत असाव्यात.

सोमवारी शेठ येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. पहिला डबा घेतला भिमाजी आप्पांनी. हे रोज नातवाला शिकवणीतून आणताना थांबायचे. त्यांनी झाकण उघडून पाहिलं. "तुकडा कुठाय?"

"बंद केला आप्पा. स्वच्छतेसाठी," संतोष शेठना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

"म्हणजे आता नुसते तीन?"

"हो."

आप्पांनी डबा परत सरकवला. "मग दोनच दे बाबा."

मागच्या बाईंनीही पाकीट पुन्हा पर्समध्ये टाकलं. "आम्हाला वाटलं होतं, तुमच्याकडे आत कुणीतरी घरचं माणूस आहे," त्या म्हणाल्या. ज्यांना तो तुकडा उष्टा वाटला त्यांनी तक्रार केली होती. ज्यांना कळला त्यांनी काही न बोलता खाल्ला होता, आणि असे लोक कितीतरी जास्त निघाले. संध्याकाळपर्यंत भरलेल्या डब्यांची चळत तशीच राहिली.

शेठ उठले. "तो तुकडा कोण घालत होतं?"

कुसाबाई टेबलामागे अंग चोरून उभ्या होत्या. सगळं त्यांच्यावर ढकलून मोकळं होणं सोपं होतं, आणि खरं सांगायचं तर तसं संतोषच्या जिभेवर आलंही. पण तो म्हणाला, "मावशी घालायच्या शेठ. डबा चालत होता तो त्यांच्यामुळे. तो बंद पाडला मी."

शेठनी चळतीतला वरचा डबा उघडून पाहिला. "तुकडा कागदात गुंडाळून घालायला सांग. उष्टा वाटणार नाही," ते म्हणाले. "आणि उद्या सकाळी मनमाडला गाळा बघायला निघू. मावशींनाही घे, पॅकिंगचं टेबल कुठे हवं ते त्याच सांगतील. गाळा पसंत पडला तर महिनाअखेरीस तू तिकडे."

संतोषने घरी फोन केला नाही. उगाच दृष्ट लागायची, असं त्याच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं.

सकाळी शेठ गाडी घेऊन आले. मागे कुसाबाई पिशवी शेजारी ठेवून बसल्या होत्या. संतोषने पुढचं दार उघडलं आणि तो थबकला. शेठ, मावशी आणि तो. तिघं कामाला निघाले की आई चौथा म्हणून एक दगड सोबत द्यायची, आणि तो आजवर आईला हसत आला होता.

"बस ना. काय झालं?" शेठ म्हणाले.

"काही नाही." त्याने एक पाय आत टाकला. साक्षी कशी लपून बघते ते आठवलं आणि त्याने पाय बाहेर काढला. "शेठ, आलोच."

पलीकडे इमारतीचं काम चालू होतं. तिथल्या खडीच्या ढिगातून त्याने एक बऱ्यापैकी दगड निवडला, रुमालाने पुसला आणि गाडीचं मागचं दार उघडून उभा राहिला.

शेठ आरशातून बघत होते. "हे काय रे?"

"असू द्या शेठ," संतोष खाली मान घालून म्हणाला.

 कुसाबाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि चौथ्याला बसायला जागा करून दिली.