भिवाबुवांचे अर्ज

भिवाबुवांना अर्ज सांगता येत नसे, गाता येई.

ते आमच्या वाडीच्या बाल्या नाचाचे म्होरके. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून शाळा सुटली की माझ्या ओसरीवर येत, डोळे मिटत आणि म्हणत, "घ्या मास्तर, सरकारला लिवा." मग गुडघ्यावर ताल धरून आधी गण. गणपतीला नमन केल्याशिवाय नाच सुरू होत नाही, मग अर्ज कसा व्हावा? गजाननाची सोंड, उंदीर, आई असं सगळं होऊन आठव्या ओळीत कुठे तरी बत्तीच्या रॉकेलची गोष्ट यायची.

"बुवा, गण वगळू या," मी एकदा म्हणालो.

"का वं? मामलेदारसायबांच्या घरी गणपती बसत नाय?"

तो अर्ज शेरा मारून परत आला. 'अर्जदार गजानन की भिवा, याचा खुलासा करावा.' मला वाचताना संकोच वाटला. बुवा मात्र खूश. "बगा, सायबानं पार वरपासनं वाचलाय!" तो कागद त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला.

ते दिवस लढाईचे होते. साखर, रॉकेल, कापड, सगळं परवान्यावर. पण बुवांच्या मते सरकार कंजूष नव्हतं, त्यानं अजून आपला नाच पाहिलेला नव्हता, एवढंच. एका रविवारी कर्जतला कचेरीच्या बंद दारापुढे त्यांनी दोन गिरक्या घेतल्या. पट्टेवाला ओरडला, "अरे, आज सुट्टी आहे!"

"सुट्टीलाच तर मानूस नाच बगतो रं," बुवा म्हणाले.

आणि एक दिवस सरकारचा हात खरंच सैल झाला. धान्य जास्त पिकवा, असं जी मंडळं गाण्यांतून गावोगाव सांगतील, त्यांना पोशाखासाठी कापड मिळणार होतं. बुवांनी त्याच दिवशी गणात उंदराशेजारी भात पेरला. मांजरपाटाचा अख्खा तागा मंजूर झाला. अट एकच. झगे शिवायचे आणि भातकापणीनंतर तपासनीस येतील तेव्हा ते घालून नाच दाखवायचा. दाखवला तर दरवर्षी कापड आणि रॉकेल, नाही तर मंडळाचं नाव यादीतून कायमचं कमी. झगे फाटून गेल्यामुळे दोन शिमगे नाच उभा राहिला नव्हता. आणखी एक गेला असता तर पोरं पावलं विसरली असती.

कर्जतहून तागा त्यांनी डोक्यावरून आणला, कुणाला हात लावू दिला नाही. शिंप्याकडे टाकायलाही त्यांचा जीव होईना. रोज उलगडून वास घेत. "मास्तर, कोऱ्या कापडाला सरकारचा वास येतो."

भाद्रपदात वाडीत तापाची साथ आली. पंधरा दिवसांत नाचातले चौघे गेले. चौथा माझा धाकटा भाऊ वसंता. तो ढोलकी वाजवायचा. वय एकोणीस.

मयताला कोरं कापड लागतं, आणि कोऱ्या कापडाला परवाना. तो आणायला चिखलातून कर्जतला जायचं, तोवर प्रेत थांबत नाही. पहिल्या घरी पोराच्या आईचं जुनं लुगडं फाडायला घेतलं होतं. तेवढ्यात बुवा पांढरं कापड घेऊन आले. "घरात व्हतं पडून," एवढंच म्हणाले. मग दुसऱ्या घरी, तिसऱ्या घरी. आमच्याकडे आले तेव्हा वसंताला त्यांनी स्वतःच्या हातांनी गुंडाळलं. कापड कुठलं, हे विचारायचं मला सुचलं नाही.

कापणी उरकली आणि तपासनीस आले. माणूस वाईट नव्हता. मारुतीपुढे सगळी वाडी जमली, बायांमध्ये माझी आई होती.

"बुवा, कापड मिळालं ना?"

"मिळालं, सायेब. लई झ्याक कापड."

"मग झगे कुठे आहेत?"

"शिवायचं ऱ्हायलं."

"बरं, तागा दाखवा."

बुवा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिले. साहेबांनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "मंडळींच्या अंगावर हाय."

"मग बोलवा की त्यांना!"

"ती येयाची नायत, सायेब."

मला कळलं होतं. साहेबांना सांगावं म्हणून मी उठलो. त्याच वेळी आई बायांमधून पुढे सरकली. "कुनाच्या अंगावर वं, बुवा?" तिनं विचारलं.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मास्तर, खाली बसा. तुमाला काय ठावं नाय." इतक्या वर्षांत ते माझ्यावर पहिल्यांदाच खेकसले. मग साहेबांकडे वळून मोठ्यानं म्हणाले, "म्या इकलं. लिवा."

साहेबांनी लिहिलं. वयाकडे पाहून फौजदारी करत नाही, म्हणाले. बुवांनी अंगठा उठवला आणि मंडळाचं नाव यादीतून गेलं. वाडीनं बोलायचं ते बोलून घेतलं. "बुवानं पोरांचा तागा खाल्ला," हे तर त्यांच्या तोंडावर. शिमग्याला नाच झाला नाही, पुढेही झाला नाही.

तपासणीच्या दिवशीच मी त्यांना ओढ्यापाशी गाठलं होतं. "खरं का नाही सांगितलंत, बुवा? साहेब ऐकणारे होते."

"सायेब ऐकनारे व्हते," बुवा म्हणाले, "पन तुमची आईबी ऐकत व्हती. पोरगं आपल्या मानसाच्या घरच्या कापडात गेलं, असं धरून बसलीय ती. नाचाच्या झग्यांच्या सरकारी कापडात गेलं, ह्ये तिला चार लोकांत कळाया पायजेल व्हतं?"

बुवा मागल्या महिन्यात वारले. वाडीतली मोजकीच माणसं आली. आई गेली नाही. "तागा खानाऱ्याच्या दारी म्या जायाची नाय," असं म्हणून ती तांदूळ निवडत बसली, आणि मी तिला काही न सांगता एकटाच गेलो.