भोये सरांचे पाच सेकंद

भोये सर उजेडाला घाबरतात. थट्टा नाही! आमच्या नाशिकच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारा हा धडधाकट माणूस ट्यूबलाइटचं बटण दिसलं की दचकतो. प्रयोगशाळेतल्या प्रत्येक बटणावर त्यांनी चिकटपट्टी मारलीय, दाराला काळा पडदा लावलाय. मी तिथली सहायक, त्यामुळे भर दुपारी चाचपडत चालते. परवा स्टुलावर आपटून गुडघा फुटला, तर सर विचारतात, "सोनवणेबाई, काचपट्टी शाबूत आहे ना?"

त्या काचपट्टीवर त्यांचा जीव. तिच्यावर केसाहून हजारो पटींनी बारीक नळ्या, आणि नळ्यांत कोंबलेले रंगाचे रेणू. प्रकाश पाडला की ते स्वतः उजळतात. मोकळे असले की कसेही पडलेले, नळीत मात्र सगळे एकाच दिशेनं, म्हणून नळी लाल रेघेसारखी दिसते. सूक्ष्मदर्शकावरची, एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी चकती फिरवली की ती रेघ विझते, आणखी फिरवली की परत येते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडून "अगंबाई!" निघालं.

"पाच सेकंद झाले, बाजूला व्हा!" सर ओरडले. कारण उजेडात ते रेणू हळूहळू मरतात. जितकं बघावं तितके कमी.

आता एकच रेघ धड उरली होती, आणि सोमवारी तपासणी समिती यायची होती. रेघ दिसली तर काम चालू, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप. सरांचं जेवण सुटलं. प्राचार्यांनाही त्यांनी बघू दिलं नाही. शनिवारी मी नुसती शिंकले तर माणूस पांढराफटक पडला. माझीही नोकरी त्याच रेघेवर, खोटं कशाला सांगू, धडकीच भरली होती.

त्याच दुपारी पडदा सारून आत आले, तर सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू! स्टुलावर एक म्हातारी डोळा लावून बसलेली. सरांची आई, पेठकडच्या पाड्यावरून आणलेली. शेजारी सर चकतीवर हात ठेवून उभे. काचबिंदूनं तिची नजर कडेकडेनं मिटत आली होती. समोरचं तेवढं दिसायचं, आणि तेही जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलेलं.

"इझली रं!" ती घाबरली.

"नाय आये, म्याच इझवली. ही बघ, आली."

"समदी दिसते रं! कडंला शोधावं लागत नाय."

पाच मिनिटं होत आली. "सर, सोमवार!" मी कुजबुजले.

"माहितीये, बाई." त्यांनी चकतीवरचा हात काढला नाही. "बघू दे तिला."

थोड्या वेळानं म्हातारीनं डोळा चोळला. "आता फिकी झाली. बाळा, माझा डोळा गेला का रं?"

"नाय आये. तुझा डोळा चांगला हाय. रेघच गेली."

मग सरांनी बटणावरची चिकटपट्टी ओरबाडून काढली आणि ट्यूबलाइट लावला. आईला चपला दिसायला हव्या होत्या.