काचेतला उंदीर

उंदीर हरवल्याचं उल्हासरावांना कळलं तेव्हा गणपती अगदी तोंडावर आला होता. खोक्यातून समई निघाली, तोरण निघालं, मखराचे चारही खांब निघाले. उंदीर नव्हता. मग त्यांना आठवलं, तो खोक्यात असणारच नाही. काल आपणच त्याला खिशात घालून सुपरमार्केटात नेला होता.

उंदीर कापडाचा होता. आखातात, अल अमेरातला राहायला आल्यावर पहिल्याच वर्षी रुवीच्या दुकानातून आणलेल्या मूर्तीला वाहन नव्हतं. "मग देव येणार कशानं, टॅक्सीनं?" असं म्हणून नयनानं राखाडी ब्लाउजच्या उरलेल्या कापडाचा उंदीर शिवला. त्याचा एक कान मोठा झाला होता. मूर्तीचं दर वर्षी बादलीत विसर्जन व्हायचं, उंदीर मात्र घरीच राहायचा. मागच्या वर्षी नयना गेली आणि गणपती आणला नाही. यंदा आणायचं ठरलं. मुलगी मैथिलीही पुण्याहून येणार होती. पण परवा उंदीर बाहेर काढताना त्याचं शेपूटच हातात आलं. उल्हासरावांनी नोकरीभर रस्ते आणि पूल बांधले होते, सुई कधी धरली नव्हती. दोऱ्याचा रंग जुळवायला म्हणून ते उंदीर दुकानात घेऊन गेले. रंग जुळला नाही, आणि उंदीर कुठे पडला ते कळलं नाही.

दुकानात परत पाऊल टाकताच तो दिसला. दाराजवळच्या खेळण्यांच्या मशीनमध्ये, काचेच्या आत, एका जांभळ्या माशाच्या पाठीवर तो बसला होता. टोकन टाकायचं, दांडीनं वरचा लोखंडी पंजा हवा तिथे न्यायचा आणि बटण दाबायचं. पंजा खाली येतो, खेळणं धरतो आणि बहुधा अर्ध्या वाटेत सोडून देतो. असं ते मशीन होतं.

दुकानाचा सुपरवायझर हमझा चांगला माणूस होता. त्यानं चौकशी केली तेव्हा कळलं की झाडणाऱ्याला उंदीर मशीनसमोर सापडला. मशीनमधूनच पडला असेल असं समजून त्यानं तो प्रामाणिकपणे मशीनवाल्याच्या हातात दिला. मशीनवाला तेव्हा खेळणी भरत होता, त्यानंही प्रामाणिकपणे तो आत ठेवला. सगळ्यांच्या प्रामाणिकपणामुळे उंदीर कुलूपबंद झाला होता. चावी मशीनवाल्याकडे होती आणि मशीनवाला खाबुरा करून पुढे इब्रीला, लांबच्या गावांना निघाला होता. फोनवर तो अदबीनं म्हणाला, "महिनाअखेरीला येतो अर्बाब, इन्शाल्ला."

महिनाअखेर म्हणजे गणपती जाऊनही बरेच दिवस. हमझानं खांदे उडवले आणि सुचवलं की खेळून कोणीही काहीही काढू शकतं, त्याला चावी लागत नाही. उल्हासरावांनी टोकनं घेतली.

पंजानं उंदराला कधी कानाला धरून सोडलं, कधी पोटाला धरून. मागे काळा अबाया घातलेल्या एक म्हाताऱ्या बाई उभ्या होत्या. त्या खुदेजा. बलुची असल्यामुळे हिंदी चांगली बोलायच्या. नातवासाठी तपकिरी अस्वल काढायला त्या रमजानपासून येत होत्या.

"बाबूजी, यह मशीन अमेरातवालों को नहीं देती," त्या शांतपणे म्हणाल्या. "बाहरवालों को देती है." एका दुबईवाल्यानं पहिल्याच टोकनात ससा नेला आणि वर हसलाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

उल्हासराव इंजिनीअर माणूस. त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी हात हलवत घरी आले तेव्हा बसला.

म्हणून दुसऱ्या दिवशी विमानतळावरून मैथिलीला त्यांनी थेट मशीनपुढे आणून उभं केलं. बॅगांवर अजून विमानाच्या चिठ्ठ्या होत्या.

"बाबा, मी अजून चहासुद्धा घेतला नाहीये."

"घरी गेलीस की तू इथली होशील. आधी खेळ."

मैथिलीनं टोकन टाकलं. पंजा खाली आला, घट्ट मिटला आणि वर आला. त्यात जांभळा मासा होता. पाठीवरचा उंदीर घसरून कोपऱ्यात उताणा पडला. खुदेजाबाईंनी "बघितलंत?" अशा नजरेनं उल्हासरावांकडे पाहिलं. नेमके तेव्हाच मराठी मंडळाचे सेक्रेटरी अंबरीश दूध घ्यायला आले होते. त्यांनी बॅगा पाहिल्या, टोकनं पाहिली, मासा पाहिला. रात्रीपर्यंत सगळ्या मंडळाला कळलं की नयनावहिनी गेल्यापासून उल्हासरावांना जुगाराचा नाद लागलाय आणि त्यांनी मुलीलाही त्यात ओढलंय.

खालच्या मजल्यावर वसईचा मार्टिन राहायचा. आता तो हॉटेलात होता, पण आधी एका बोटीवरच्या कॅसिनोत पैशांची मशीनं सांभाळायचा. उल्हासरावांनी त्याला सरळच विचारलं, "मशीन माणूस ओळखतं का रे?"

"नाय ओळखत, उल्हासभाऊ. पण बोटीवर पण रोजचे खेळणारे हेच बोलायचे, नव्याला देतं आणि आम्हाला नाय." त्यानं हाताचा पंजा करून दाखवला. "हा जास्त करून ढिला असतो. मधेच एकदा घट्ट होतो. समोर कोण आहे त्याचं त्याला काय पडलेलं नाय. ढिले सगळे तुम्ही संपवता, कंटाळून घरी जाता, आणि घट्ट येतो तो दुबईवाल्याला."

"म्हणजे अमेरातवाल्यांवर अन्याय होतोच."

"होतो ना. पण मशीन नाय करत. आपण उठून जातो म्हणून होतो."

यावर उपाय एकच होता, उठायचंच नाही. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच भिशीसारखी पाळी लावली: उल्हासराव, मैथिली, मार्टिन, खुदेजाबाई. घट्ट पंजा कोणाच्याही हाताला लागो, पहिला उंदराचा, दुसरा अस्वलाचा, असं ठरलं. खुदेजाबाईंनी मान हलवली खरी, पण डोळे अस्वलावरच होते. थोड्या वेळानं अंबरीश आले. उल्हासरावांची समजूत घालायला आले होते. मार्टिननं त्यांना रांगेत उभं केलं, आणि तिसऱ्या पाळीला ते दांडी सोडेनात.

दुपारच्या सुमाराला खुदेजाबाईंची पाळी आली. सवयीनं त्यांनी पंजा सरळ अस्वलाच्या डोक्यावर नेला. बटणावर बोट ठेवून त्या थांबल्या.

"चूहा किसने बनाया?"

"मेरी बीवी ने," उल्हासराव म्हणाले.

खुदेजाबाईंनी दांडी हळूहळू कोपऱ्यात नेली आणि बटण दाबलं. पंजा मिटला, आणि मिटलेलाच राहिला. उंदीर हलत डुलत वर आला, बाहेरच्या खणात पडला आणि मैथिलीनं दोन्ही हातांनी तो बाहेर काढला. गल्ला सोडून आलेला हमझा म्हणाला, "खलास."

खुदेजाबाईंनी उंदीर उलटसुलट करून पाहिला. शेपूट मशीननंच खाल्लं असणार अशी त्यांची खात्री होती. मशीनला चार शब्द सुनावून त्यांनी पिशवीतून अर्धवट भरतकाम केलेली टोपी काढली. नवऱ्यासाठी कुम्मा शिवत होत्या. त्यातल्याच हिरव्या दोऱ्याची वेणी घालून त्यांनी तिथल्या तिथे शेपूट लावलं. खरं शेपूट घरी कपाटात आहे, हे सांगायला उल्हासरावांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

गणपती आला. हिरव्या शेपटीचा उंदीर त्याच्या पायाशी बसला. मोदक मैथिलीनं केले, फुटले, तरी मंडळानं येऊन संपवले. खुदेजाबाई नातवाला घेऊन आल्या आणि आपली शिवण नीट बसलीय ना, ते जवळून पाहून गेल्या.

महिनाअखेरीला मशीनवाला खरोखरच आला. हमझानं त्याला सगळी हकिगत सांगितली. तो विरघळला, त्यानं कुलूप उघडून अस्वल काढलं आणि खुदेजाबाईंपुढे धरलं. त्यांना राग आला.

"खैरात नहीं चाहिए. पंजे से लूँगी. अमेरातवालों को भी देती है, सब देखें."

मशीनवाल्यानं अस्वल मुकाट्यानं परत आत ठेवलं.

आता दर गुरुवारी संध्याकाळी मैथिलीचा पुण्याहून फोन येतो. "बाबा, कुठे आहात?"

"रांगेत," उल्हासराव म्हणतात. मागून मार्टिन आणि अंबरीश यांचं पाळीवरून चाललेलं भांडण ऐकू येतं.

अस्वल अजून काढायचं आहे.